माणशी दहा मणी

आकडा आधी सांगून टाकतो. २०२३-२४ या वर्षात भारतातून ३ लाख ४३ हजार ९८२ टन ताजी द्राक्षे परदेशी गेली आणि त्यांचे ३,४६० कोटी रुपये झाले. टनांत सांगून डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही, म्हणून मण्यांत मोजू. निर्यातीच्या द्राक्षाचा मणी साधारण ४ ग्रॅमचा धरा. हिशेब निघतो ८,६०० कोटी मण्यांचा. पृथ्वीवर माणसे आहेत ८०० कोटींहून थोडी जास्त. म्हणजे आज सकाळी जन्मलेल्या बाळापासून शंभरी ओलांडलेल्या आजीपर्यंत, माणशी दहा मणी.

यातला बहुतेक माल महाराष्ट्राचा आणि महाराष्ट्रातला सिंहाचा वाटा नाशिक जिल्ह्याचा. त्यातही निफाड आणि दिंडोरी हे दोन तालुके म्हणजे द्राक्षाचे आगर. वणी हे दिंडोरी तालुक्यातले मोठे बाजारगाव. बाकी महाराष्ट्राला ते सप्तशृंगीमुळे ठाऊक. गडावर निघालेली गाडी वणीत थांबते, चहापाणी होते, ओटीचे सामान घेतले जाते आणि गाडी नांदुरीच्या रस्त्याला लागते. दोन्ही बाजूंचे द्राक्षांचे मांडव काचेतून मागे पळत राहतात. भाविकाचे लक्ष डोंगराकडे असते, आणि ते बरोबरच आहे. पण आज आपण मांडवाखाली थांबू. उद्याचे अन्न म्हटले की लोक प्रयोगशाळेतले मांस आणि दहा मजली शेती यांच्या गप्पा मारतात. इथे वणीच्या शिवारात ते उद्याचे अन्न गेली वीस-बावीस वर्षे रोज वजनकाट्यावर चढते आहे, आणि त्यातले काही आकडे असे आहेत की कागदावर पुन्हा मांडून पाहिल्याशिवाय विश्वास बसत नाही.

एकच एकर घेऊ. दोन ओळींत ९ फूट आणि दोन वेलींत ५ फूट अंतर ठेवले तर एकरात ९६८ वेली बसतात. निर्यातीचा बागायतदार वेलीवर हवे तितके घड ठेवत नाही. साधारण ३५ ठेवून बाकीचे काढून टाकतो. म्हणजे एकरात ३३,८८० घड. घडाला ७५ मणी धरले तर २५ लाख ४१ हजार मणी. मणी ४ ग्रॅमचा, म्हणून वजन १० टन. हे सगळे कोष्टकासारखे सरळ वाटते. पण यातला प्रत्येक घड कुणाच्या तरी हातातून गेलेला असतो, एकदा नव्हे, अनेकदा.

छाटणीनंतर घड फुलोऱ्यातून बाहेर आला की ‘डिपिंग’ सुरू होते. मजूर बाई मांडवाखाली उभी राहते, डाव्या हाताने पान बाजूला सारते, उजव्या हातातला द्रावणाचा मग घडाखाली आणते, घड त्यात पूर्ण बुडवते, बाहेर काढते आणि हलकेच झटकते. द्रावण असते जीएचे, म्हणजे जिबरेलिक ॲसिडचे, ज्याने मणी लांबतो आणि फुगतो. झटकले नाही तर थेंब मण्यांच्या टोकाशी साचतो आणि डाग पडतो. एका घडाला पाच सेकंद धरले तरी एकर एकदा बुडवायला ४७ तास, आणि हे एकदा करून भागत नाही. पुढे विरळणी येते. कात्रीने घडातले जादा मणी काढायचे, म्हणजे राहिलेल्यांना फुगायला जागा मिळते. घडाला एक मिनिट लागते असे धरा. ३३,८८० मिनिटे म्हणजे ५६५ तास, म्हणजे एका माणसाचे ७० दिवस. तेवढा वेळ झाड देत नाही. मणी ज्वारीएवढे असताना आठवड्याच्या आत काम उरकावे लागते. म्हणून सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतून, थेट डांगातूनही, टोळ्या येतात आणि हंगामभर बागेच्या बांधावर राहतात. ‘ॲग्रिटेक’ची भाषणे ऐकताना मला नेहमी वाटते, की या साखळीतले सगळ्यांत अचूक यंत्र अजून कात्री धरणारा हातच आहे आणि त्याची मजुरी उक्त्यात ठरते.

आणखी एक आकडा याच एकरातला. द्राक्षाचा एक ग्रॅम नीट पिकायला साधारण ७ ते १४ चौरस सेंटिमीटर पान लागते. मधला १० धरू. १० टन फळाला मग १०,००० चौरस मीटर पान हवे. एकर असते ४,०४७ चौरस मीटरचे. म्हणजे एक एकर जमिनीवर अडीच एकर पाने टांगलेली असतात, आणि ती सगळी उन्हाकडे तोंड करून बसली पाहिजेत. काडी कुठे वळवायची, कुठली खुडायची, यावर बागायतदार इतका जीव का काढतो ते या अडीच एकरांत आहे.

पाण्याकडे वळू. वणीजवळचे ओझरखेड धरण २,१३० दशलक्ष घनफुटांचे. लिटरमध्ये ते होते ६,००० कोटींच्या वर. पुन्हा जगाला वाटले तर माणशी साडेसात लिटर. आता गंमत पाहा. किलोभर द्राक्षांमागे पावसाचे, सिंचनाचे आणि प्रदूषण विरळ करायला लागणारे असे सगळे धरून जगाची सरासरी सुमारे ६०० लिटर पाणी सांगितली जाते. आपले माणशी दहा मणी म्हणजे ४० ग्रॅम. त्यांना २४ लिटर झाले. अख्खे ओझरखेड तीनदा भरून रिकामे केले तरी हिशेब पुरता मिटत नाही. अर्थात ही सरासरी जगाची आहे, ठिबकवरच्या बागेची नाही. ठिबकच्या बागेत वैशाखातल्या उन्हात दिवसाला ४ मिलिमीटर पाणी द्यायचे ठरवले तर एकराला १६,२०० लिटर, वेलीला पावणेसतरा. हा ‘पावणे’ महत्त्वाचा आहे. पाटाने पाणी सोडणाऱ्या बापाला तो ठाऊक नव्हता. मुलाला तो मोबाइलवर दिसतो.

पण पाणी मोजायची सवय या तालुक्याला मोबाइलने लावलेली नाही. याच दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणावर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने, बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या खटपटीने, शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी हेक्टरवर न घेता घनमीटरवर मोजून घ्यायचे, तेवढेच पैसे भरायचे, आणि शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी आधी. पुढे संस्थांची संख्या दोन डझनांवर गेली आणि सगळ्या प्रकल्पाचे पाणीवाटप शेतकऱ्यांच्या हाती आले. पाणी मोजून मिळायला लागले की माणूस पीकही विचार करून निवडतो. वाघाडच्या लाभक्षेत्रात द्राक्ष आणि भाजीपाला फोफावला त्यामागे हे मीटर आहे. माझ्या मते महाराष्ट्रातल्या शेतीतला हा गेल्या पन्नास वर्षांतला मोठा शोध, आणि त्याला पेटंट नाही.

आतापर्यंतचे आकडे मोठे होते. आता जो येतो तो इतका लहान आहे की त्याने या पट्ट्यातली घरेच्या घरे हलवली.

०.०१. एका किलोत ०.०१ मिलिग्रॅम. युरोपीय संघात ज्या कीडनाशकासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याच्या उर्वरित अंशाला ही मर्यादा लागू होते. किलोत मिलिग्रॅम असतात दहा लाख. म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत सगळ्यांना उभे करून त्यातून एकाला हुडकायचे, तसे हे काम. न्हावाशेव्याहून निघणाऱ्या एका मोठ्या कंटेनरमध्ये साधारण १३ टन द्राक्षे बसतात, म्हणजे ३२ लाखांवर मणी. त्या सगळ्यांत मिळून त्या औषधाचा अंश चालतो १३० मिलिग्रॅम. तांदळाचा दाणा २० मिलिग्रॅमचा धरला तर साडेसहा दाणे. सातवा दाणा झाला, की कंटेनर अडला.

२००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अंश सापडले आणि हे प्रकरण पहिल्यांदा अंगाशी आले. त्यानंतर लगेच उर्वरित अंश तपासणीची देशव्यापी योजना सुरू झाली. पुण्याजवळच्या मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र तिचा कणा बनले. पुढे शेतमाल निर्यातीचे काम पाहणाऱ्या अपेडा या केंद्र सरकारच्या संस्थेची ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय नोंदवही आली. निर्यातीसाठी प्रत्येक बागेची प्लॉटनिहाय नोंदणी, प्रत्येक प्लॉटचा नमुना, प्रयोगशाळेत दोनशेहून अधिक रसायनांची तपासणी, आणि मग पेटीवर असा क्रमांक की रॉटरडॅमच्या गोदामात बसलेला माणूस उलटा माग काढत वणीजवळच्या गटनंबरापर्यंत येऊ शकतो. जगात फार थोड्या फळांचा माग इतका खोल जातो.

तरी २०१० मध्ये दणका बसलाच. क्लोरमेक्वाट क्लोराइड, बागायतदाराच्या तोंडी ‘लिहोसिन’, हे वाढ रोखणारे संजीवक वर्षानुवर्षे वापरात होते. ते इथल्या तपासणीच्या यादीत नव्हते. युरोपने तपासले आणि सापडले. कंटेनर अडकले, भाव कोसळले, पैसे बुडाले. कित्येक बागायतदार त्या हंगामातून पुढची काही वर्षे वर आले नाहीत. कुणी मुद्दाम काही लपवले नव्हते. यादीत एक ओळ कमी होती, एवढेच.

त्या पडझडीच्या काळातच, २०११ मध्ये, मोहाडी इथे विलास शिंदे आणि त्यांच्या सोबतच्या शेतकऱ्यांनी ‘सह्याद्री’ शेतकरी उत्पादक कंपनी उभी केली. मोहाडीही दिंडोरी तालुक्यातच. शेतकऱ्यांनाच भागधारक करणाऱ्या अशा कंपन्यांची तरतूद २००२ मध्ये कंपनी कायद्यात आली होती. तिचा एवढा मोठा उपयोग महाराष्ट्रात दुसऱ्या कुणी केलेला मला माहीत नाही. शंभरेक शेतकऱ्यांपासून सुरू झालेली ही कंपनी २०२२-२३ मध्ये हजार कोटींच्या उलाढालीपार गेली. २०२२ मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांनी तिच्यात ३१० कोटी रुपये घातले. ज्या खंडाने कंटेनर अडवले त्याच खंडाने बारा वर्षांत भांडवल पाठवले, हा हिशेब मला तरी उलाढालीपेक्षा मोठा वाटतो.

लहान आकड्याचा खेळ शेतात कसा चालतो ते थोडे खोलात जाऊन पाहण्यासारखे आहे. समजा एकराला फवारणीतून औषधाचा १०० ग्रॅम सक्रिय घटक गेला आणि सोयीसाठी तो सगळा फळावरच बसला. १० टन फळाला ०.०१ च्या हिशेबाने परवानगी आहे फक्त ०.१ ग्रॅमची. शंभरावरून दशांशावर यायचे, म्हणजे हजारपट घट. ऊन, हवा आणि मण्याची वाढ यांनी औषध विरत जाते, ठरावीक दिवसांत निम्मे. शंभराचे पन्नास, पन्नासाचे पंचवीस. असे दहा वेळा निम्मे झाले की हजार भाग होतात, कारण दोनाचा दहावा घात १,०२४. निम्मे व्हायला तीन दिवस लागत असतील तर महिनाभर थांबा. पाच लागत असतील तर पन्नास दिवस. बागायतदार ज्याला ‘पीएचआय’ म्हणतो, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यातले अंतर, त्यामागे हे निम्म्या-निम्म्याचे गणित असते. आणि भुरी किंवा डावणी हे बुरशीचे रोग तर नेमके शेवटच्या महिन्यात दार ठोठावतात. औषध मारावे तर माल अडतो, न मारावे तर माल जातो.

इथे जैविक औषधांची एन्ट्री होते, आणि इथले आकडे पुन्हा आभाळाला भिडतात. ट्रायकोडर्मा या मित्रबुरशीच्या सर्वसाधारण भुकटीत ग्रॅमला किमान २० लाख जिवंत बीजाणू असावे लागतात. किलोच्या पाकिटात झाले २०० कोटी. भारताची लोकसंख्या १४० कोटींच्या वर. दुकानदार ते पाकीट पिशवीत टाकून देतो तेव्हा आपण एका देशाहून मोठी वस्ती सायकलला अडकवून नेत असतो. फक्त ती वस्ती जिवंत पोहोचली पाहिजे. उन्हात तापलेल्या टपरीवर महिनाभर पडलेल्या पाकिटातले किती जीव शिल्लक असतात याचा विचार घेणाऱ्यानेही करावा आणि विकणाऱ्यानेही. सेंद्रियाच्या नावाने जे काही खपते त्यात मोजमापाचा दुष्काळ आहे, हे मला स्पष्ट म्हणायचे आहे.

मातीचेही तसेच. एकराची वरची सहा इंच माती वजनाला ९०० टन भरते. सेंद्रिय कर्ब अर्धा टक्का असेल तर त्या ९०० टनांत कर्ब झाला साडेचार टन. तो एक टक्का करायचा तर आणखी साडेचार टन कर्ब मातीत टिकवावा लागेल, नुसता टाकून चालणार नाही. टाकलेल्यातला बहुतांश जिवाणू खाऊन हवेत सोडून देतात. ‘दोन वर्षांत कर्ब दुप्पट’ असे सांगणारा कुणी भेटला तर त्याला ट्रॉल्यांचा हिशेब विचारा.

वाणांची गोष्ट धावतीच सांगतो. बिनबियांचे द्राक्ष बी पेरून वाढवत नाहीत, काडीवरून काडी. म्हणजे थॉमसन या वाणाची लाखो झाडे हे एकाच झाडाचे तुकडे. अशा लाखो एकसारख्या डोळ्यांतला एखादा वेगळा निघतो आणि तो ओळखणारा डोळा बागेत लागतो. तासगावकडच्या वसंतराव आर्वे यांना तो ‘तास-ए-गणेश’ रूपाने दिसला, सोलापूरजवळ नान्नजच्या नानासाहेब काळे यांना ‘सोनाका’ रूपाने. आता परदेशी पेटंटची ‘आरा’सारखी वाणे आली आहेत, त्यांना जीए कमी लागते, विरळणी कमी लागते, आणि रॉयल्टी मात्र लागते. मघाचे ५६५ तास आठवले तर शेतकरी ती का भरतो हे कळते.

आता पुन्हा जगाकडे. जागतिक आरोग्य संघटना माणसाने दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या खाव्यात असे सांगते. ८१० कोटी माणसांना तेवढे द्यायचे तर दिवसाला ३२ लाख टन. आपली सगळ्या वर्षाची द्राक्ष निर्यात जगाने एकदम खायला घेतली तर अडीच तासांत संपेल. सकाळी नऊला बसले तर साडेअकराला हात धुऊन मोकळे. आणि दुसरीकडे, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात घरे, हॉटेले आणि दुकाने यांतून जगाने १०५ कोटी टन अन्न टाकून दिले. साली-देठे त्यात धरलेली आहेत. तरी दिवसाला पावणेएकोणतीस लाख टन. जेवढ्या वजनाच्या फळे-भाज्या खायला हव्यात, जवळजवळ तेवढ्या वजनाचे अन्न फेकले जाते. शेतातली फेकाफेक यात मोजलेलीच नाही. २०२३ च्या जुलैत नारायणगावला टोमॅटोची २० किलोची जाळी दोन हजारांच्या वर गेली होती. सप्टेंबरात नाशिक जिल्ह्यात तोच टोमॅटो किलोला तीन ते पाच रुपयांवर आला आणि रस्त्यावर ओतला गेला. साठ दिवसांत असा उलटापालट झाल्यावर कुठलाही ‘शाश्वत’ शब्द शेतकऱ्यापुढे उच्चारायला जीभ धजत नाही.

अंतराचेही एक सांगायला हवे. न्हावाशेव्याहून सुवेझमार्गे रॉटरडॅम समुद्राने १२ हजार किलोमीटरच्या आतबाहेर. २०२४ च्या हंगामात तांबड्या समुद्रात येमेनमधून जहाजांवर हल्ले होत होते, बोटी आफ्रिकेला वळसा घालून गेल्या, आणि अंतर २० हजारांवर पोहोचले. मणी बिचारा शून्य अंशाच्या जवळ, पेटीतल्या गंधकाच्या पॅडखाली आणखी दहा-पंधरा दिवस झोपून राहिला. येमेनच्या डोंगरातून सुटलेल्या रॉकेटचा हिशेब वणीच्या बागायतदाराला भरावा लागला.

म्हणून मला शेवटी घरच्या बाजाराबद्दल बोलायचे आहे. देशात द्राक्षे पिकतात वर्षाला ३५ लाख टनांच्या आसपास. परदेशी जातो तो त्यातला दहावा हिस्सा. बेदाणा आणि वाइन सोडली तर उरलेली आपण खातो. कायदा आपल्याकडेही ढिला नाही: जिथे वेगळी मर्यादा ठरलेली नाही तिथे भारतातही ०.०१ चीच मर्यादा आहे. फरक चाळणीत आहे. दहातल्या ज्या एका घडाला बोटीत बसायचे त्याचा प्लॉट नोंदवलेला, नमुना घेतलेला, दोनशे रसायनांसाठी तपासलेला. वणीच्या आठवडे बाजारात, दादरच्या हातगाडीवर किंवा नागपूरच्या चौकात येणाऱ्या बाकी घडांना असा प्लॉटनिहाय तपास सक्तीचा नाही. अधूनमधून नमुने घेतले जातात, तेवढेच. एक गोष्ट इथे नीट सांगितली पाहिजे, म्हणजे उगाच घबराट नको: ०.०१ ही विषाची रेषा नाही, सावधगिरीची आहे. ती ओलांडली म्हणून कुणी दवाखान्यात जात नाही, आणि फळे खाणे सोडणे हा त्यावरचा सगळ्यांत वाईट उपाय. पण जी बाग, जो हात आणि जी प्रयोगशाळा युरोपातल्या मुलासाठी साडेसहा दाणे मोजू शकते, ती इथल्या मुलासाठी मोजत नाही, याला तांत्रिक कारण उरलेले नाही.

पैशाचे कारणही फारसे नाही. एका प्लॉटच्या पूर्ण तपासणीला दहा हजार रुपये धरा. एकरात १० टन माल, म्हणजे १०,००० किलो. किलोमागे खर्च एक रुपया. प्लॉट दोन एकरांचा असेल तर आठ आणे. हा रुपया बागायतदाराने एकट्याने सोसावा असे कुणी म्हणू नये. त्याच्यावर बोजे पुष्कळ आहेत. तो खाणाऱ्याने द्यावा आणि बाजार समित्यांनी, मोठ्या दुकानसाखळ्यांनी त्याबदल्यात पेटीवर प्लॉटचा क्रमांक द्यावा. येत्या हंगामात द्राक्षे घेताना विक्रेत्याला ती कुठल्या गावची, कुठल्या बागेची, हे विचारायला सुरुवात करा. पहिले काही जण हसतील. तुमच्या मागे उभ्या असलेल्यानेही तेच विचारले, तर हसणे थांबेल.